बारावं पंक्चर

पाळधी मागं पडलं तेव्हाच कळलं
की आता नकाशा लागणार नाही.
हँडलला बांधलेला तो कागद,
दिब्रुगढपासून घडीघडीत फाटत आलेला,
घामानं अर्धा बंगाल पुसून गेलेला,
सोडला आणि पिशवीत कोंबला.

एकेचाळीस दिवस वारा कुठूनही येवो,
मी तोंड मावळतीला ठेवलं.
आज तो समोरून येतो, कोरडा, फाल्गुनातला,
जिनिंगमधल्या सरकीचा वास घेऊन,
आणि पहिल्यांदाच मी त्याला शिव्या देत नाही.
अडव, म्हणते. अजून थोडं अडव.

धरणगावला चहा घेतला. दोनदा.
दुसरा नको होता.
टपरीवाल्यानं सायकलीकडे पाहिलं,
चारी बाजूंनी लटकलेल्या पिशव्या,
कॅरिअरवर वाळत घातलेले मोजे,
आणि विचारलं, "काय इकतस, बाई?"
मी जवळजवळ काहीतरी भाव सांगणार होते.

एक्स्चेंजात होते तेव्हा
कानाला हेडफोन लावून गावं जोडायचे.
एका रात्री कापसाच्या कुठल्याशा दलालाला
दिब्रुगढ हवं होतं.
साडेतीन तास लागले लाइन मिळायला,
आणि मिळाली तेव्हा पलीकडे
कोणीतरी नुसतं खोकलं.
एवढ्यावरून निघाले असं सांगितलं
तर कोकिळा हसेल.
पण एवढ्यावरूनच निघाले,
तीस वर्षं उशिरा, पेन्शन बसल्यावर.

टाकरखेड्याच्या अलीकडे रानं मोकळी.
पऱ्हाट्या उपटून बांधाला रचलेल्या,
त्यांच्या बोंडांत राहून गेलेला पिवळट कापूस,
वेचायला कुणालाच न परवडलेला.
आणि दगड:
अमळनेर ११.

कोकिळानं गल्ली जमवली असेल.
हिलाल पिंजारी दुकान ओढून घेऊन आला असेल,
चेनचा आवाज ऐकूनच सांगेल
मी कुठल्या राज्यात तेल घालायला विसरले.
हार असेल. झेंडूचा, ओला, मानेला टोचणारा.
मोबाइल वर धरलेले हात.
ते सगळं ठीक.
पण उद्या सकाळी साडेपाचला
या पायांना कोण समजावणार?

बाभळीखाली उतरले.
इकडेतिकडे पाहिलं.
मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह सैल केला
आणि हवा जाऊ दिली,
बरीचशी रायपूरची,
वरची थोडी भुसावळची.

अकरा पंक्चरं खरी होती.
काटा, काच, बुटाचा खिळा,
एकदा माशाचं हाड.
हे बारावं.

शेळ्यांमागून एक पोरगं आलं.
बघत राहिलं. मग म्हणालं,
"तुम्हीच काढी ना हवा. मी देखं."

काय बोलणार. म्हटलं, भरशील?
त्यानं पंप हातातून ओढूनच घेतला,
दोन्ही पायांत दाबला
आणि अख्खं अंग वाकवून सुरू.
शेळ्या कुणाच्यातरी गव्हात शिरल्या.
सावकाश, रे, मी मनात म्हणतेय, सावकाश,
आणि चाक दगडासारखं घट्ट.
"व्हई गयं."

मग, पंप परत देताना,
"कथाईन उनात?"

एकेचाळीस दिवस हाच प्रश्न, किती भाषांत.
उत्तर एकच: अमळनेर.
ते कळलं नाही तर महाराष्ट्र,
तेही नाही तर हात लांब करून दाखवायचा.
आता तोंड उघडलं
आणि आत नावच नव्हतं.
"धरणगावहून," म्हटलं.

त्यानं मला नीट पाहिलं,
सोललेलं नाक, बोटांची घट्टी.
"इतलामाच दमनात?"

तेवढ्यात फाटकाची घंटा वाजली.
तो गव्हाकडे पळाला, शेळ्यांना आईबहिणीवरून हाका घालत.
सुरतेकडची मालगाडी, कोळशाची, रिकामी.
मी सीटवर बसून, एक पाय जमिनीला लावून
डबे मोजू लागले.
सत्तेचाळिसाव्याला चुकले,
पुन्हा एकपासून धरलं,
आणि फाटक उघडलं.